पीएच १००० ची निळी बाटली: उष्णतेपासून वीज करायला कितपत कामाची?

तापमानातल्या फरकावर वीज देणाऱ्या पॉलिमरचं काम सुरू करायचं म्हटलं की खरेदीच्या यादीत पहिलं नाव येतं ते क्लेविऑस पीएच १००० चं. जर्मनीतल्या लेव्हरकुझेनचा हा माल म्हणजे पाण्यात विखुरलेलं पेडॉट. पेडॉट हे वीज वाहणारं पॉलिमर बायरच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलं, पुढे तो धंदा एच. सी. स्टार्ककडे गेला आणि २०१० मध्ये हेरायसकडे आला. आपल्याकडे रसायनं पुरवणाऱ्या वितरकांकडून ही बाटली मागवता येते, आणि एमएस्सीच्या प्रकल्पापासून पीएचडीपर्यंत सगळीकडे तीच वापरली जाते.

मत आधीच सांगून टाकतो. माल म्हणून बाटली उत्तम आहे. दर खेपेला सारखा निकाल देणारं वाहक पॉलिमर इतक्या सहज दुसरं मिळत नाही. पण बाटलीसोबतच्या कागदावर जो मोठा आकडा असतो तो वाहकतेचा असतो, उष्णतेपासून मिळणाऱ्या विजेचा नव्हे. मोबाईल चार्ज करायच्या आशेनं कोणी घेत असेल तर पैसे वाया. सीबेक परिणाम (तापमानातल्या फरकानं व्होल्टेज तयार होणं) शिकायला, शिकवायला, लवचिक सेन्सर करायला किंवा कार्बन नॅनोट्यूबसोबत (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिश्रण करून पाहायला घेत असाल तर जरूर घ्या.

बाटलीत नेमकं काय

गडद निळा, पाण्यापेक्षा जरा दाट द्रव. घन भाग १ ते १.३ टक्के, बाकी पाणी. म्हणजे १०० ग्रॅमच्या बाटलीत कामाचा माल जेमतेम १.१ ग्रॅम. त्यातही पेडॉट आणि पीएसएस (त्याच्या साथीचं दुसरं पॉलिमर) यांचं वजनी प्रमाण १ ला २.५. हिशेब केला तर वीज वाहणारं पेडॉट सुमारे ०.३ ग्रॅम आणि पीएसएस ०.८ ग्रॅम. पीएसएस स्वतः इलेक्ट्रॉनिक वाहक नाही. पेडॉटवरचा धन प्रभार सावरणं आणि त्याला पाण्यात विखरून धरणं ही त्याची कामं. फिल्म वाळली की हेच पीएसएस आडवं येतं: पेडॉटच्या कणांभोवती विजेला अडवणारं वेष्टण होऊन बसतं. पुढची बहुतेक सगळी प्रक्रिया या वेष्टणाशी झुंजण्यासाठीच आहे.

बाटलीतलं तसंच ओतून वाळवलं तर वाहकता १ सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ५ टक्के डीएमएसओ (एक द्रावक) घातलं की तीच किमान ८५० वर जाते, असं उत्पादक सांगतो, आणि नीट केलेल्या फिल्मला हा आकडा मिळतोही. डीएमएसओमुळे पेडॉट आणि पीएसएस थोडे वेगळे होतात, पेडॉटच्या साखळ्या सरळ होऊन एकमेकींना चिकटतात आणि विजेला सलग वाट मिळते.

आता उष्णतेच्या बाजूचं गणित. एका अंशाच्या फरकाला मिळणारं व्होल्टेज म्हणजे सीबेक गुणांक. या मालाचा तो १५ ते २० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन असतो, आणि डीएमएसओ घालून त्यात फारसा फरक पडत नाही. वाहकतेला सीबेकच्या वर्गानं गुणलं की मिळतो पॉवर फॅक्टर. ८५० सीमेन्स आणि १८ मायक्रोव्होल्ट धरले तर तो सुमारे २७ मायक्रोवॅट प्रति मीटर प्रति केल्विन वर्ग येतो. उष्णतेपासून वीज करणाऱ्या नेहमीच्या मॉड्यूलमधल्या बिस्मथ टेल्युराइडचा हाच आकडा ४००० च्या घरात असतो. पॉलिमरमधून उष्णता कमी वाहते ही जमेची बाजू खरी, पण ती फार तर चार-पाच पट मदत करते. शंभराहून जास्त पटींची तूट त्यातून भरून निघत नाही.

मग शोधनिबंधांतले ते मोठे आकडे कुठून येतात? २०११ मध्ये स्वीडनमधल्या लिंशपिंग विद्यापीठातून ०.२५ हा गुणवत्तांक जाहीर झाला. गुणवत्तांक म्हणजे पॉवर फॅक्टरला तापमानानं गुणून उष्णतावाहकतेनं भागलेली संख्या. पण तो माल पेडॉट-टोसिलेट होता. त्यात पीएसएस नव्हतंच. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठानं ०.४२ गाठला. तिथे पीएसएसवालंच पेडॉट होतं, पण इथिलिन ग्लायकॉलमध्ये बुडवून जादा पीएसएस काढून टाकलेलं, आणि तेही अतिशय पातळ फिल्मवर. २०१७ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटानं आधी आम्ल आणि मग अल्कली देऊन ३३४ मायक्रोवॅटचा पॉवर फॅक्टर मिळवला: वाहकता २१७०, सीबेक ३९. यांतला कुठलाही आकडा बाटलीचं झाकण उघडून मिळत नाही. प्रकल्पाच्या प्रस्तावात ०.४२ लिहून ही बाटली मागवणाऱ्यांनी हे आधी वाचलेलं बरं.

चुकीची बाटली येऊ देऊ नका

क्लेविऑस या एकाच नावाखाली बरेच प्रकार विकले जातात. त्यातला पी व्हीपी एआय ४०८३ हा सोलर सेल आणि ओएलईडीवाल्यांचा. त्यात पेडॉट-पीएसएसचं प्रमाण १ ला ६ असतं आणि वाहकता मुद्दाम कमी ठेवलेली असते, सेंटिमीटरला सीमेन्सचा हजारावा भाग. रंग तोच, म्हणून फिल्म वाळेपर्यंत फसगत कळत नाही. मग मल्टिमीटर मेगओहम दाखवतो आणि लोक डीएमएसओला दोष देतात. सीएच ८००० तर १ ला २० प्रमाणाचं, त्याच्या वाटेला जाऊच नका. ऑर्डरमध्ये 'पीएच १०००' हे पूर्ण लिहा. 'पेडॉट पीएसएस, वाहक' एवढंच लिहिलं तर वितरक त्याच्याकडे असेल ते पाठवतो. आग्फाच्या ऑर्गाकॉन या नावानं कोरड्या गोळ्या मिळतात. त्या पाण्यात घालून अल्ट्रासॉनिकमध्ये पुन्हा विखराव्या लागतात. वाहतुकीला आणि साठवणुकीला त्या सोप्या, पण फिल्मची वाहकता पीएच १००० इतकी चढत नाही.

साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसला. फ्रीजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये किंवा त्याच्या जाळीला टेकवून कधीच नाही. एकदा गोठलं की कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर फाटलेल्या दुधासारखा चोथा दिसतो. तो ढवळून किंवा सॉनिकेट करून (अल्ट्रासॉनिक लहरींनी हलवून) पूर्ववत होत नाही. उलट टोकाला, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात साध्या कुरिअरनं चार दिवस फिरलेली बाटलीही घट्ट व्हायला लागते. शक्य असेल तर ऑर्डर थंडीच्या महिन्यांत द्या, नाहीतर वितरकाकडून थंड पॅकिंग लेखी कबूल करून घ्या. बाटली आल्यावर थोडं द्रव काचपट्टीवर तिरकं ओघळू द्या. ओघळ गुळगुळीत असेल तर ठीक. दाणे दिसले तर लगेच फोटो काढून तक्रार करा, कारण उघडून महिनाभरानं केलेली तक्रार कोणी ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट बाटलीवर बारीक अक्षरात असते: पीएच मूल्य दोनच्या आसपास. म्हणजे बऱ्यापैकी आम्लधर्मी. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर किंवा ट्रेमध्ये ओतलं तर धातू खातं, तांब्याचे इलेक्ट्रोड काही दिवसांत हिरवे पडतात. जोडणीसाठी सिल्व्हर पेंट, कार्बन पेस्ट किंवा सोनं. चमचा प्लॅस्टिकचा, भांडं काचेचं.

फिल्म करताना

१० मिलिलिटर पीएच १००० खोलीच्या तापमानाला आणा. बाटली जोरात हलवू नका, फेस होतो आणि त्याचे बुडबुडे फिल्ममध्ये छिद्रं पाडतात. हळू फिरणाऱ्या मॅग्नेटिक स्टररवर ०.५ मिलिलिटर डीएमएसओ थेंब थेंब घाला आणि अर्धा तास फिरू द्या. मग ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. फिल्टर पाणी सहज शोषणारा हवा. दाबायला फार जोर लागत असेल तर माल जुना झाला आहे असं समजा. जोर लावून पुढे गेलेल्या द्रवात पॉलिमर कमी उरलेलं असतं.

लवचिक पट्टीसाठी कॅप्टॉनची (उष्णता सोसणारं प्लॅस्टिक) शीट चांगली. साबण, पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल या क्रमानं धुऊन प्लाझ्मा किंवा यूव्ही-ओझोन द्यायचा. ते यंत्र नसेल तर १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये काही मिनिटं बुडवून भरपूर पाण्यानं धुतलं तरी पृष्ठभाग पाणी धरू लागतो. ही पायरी टाळली की द्रव थेंबाथेंबांनी गोळा होतो आणि फिल्मवर बेटं दिसतात.

२५ बाय ७५ मिलिमीटरच्या भागावर १ मिलिलिटर पसरलं की वाळल्यावर जाडी ५ ते ६ मायक्रॉन येते. स्पिन कोटिंगच्या (पट्टी गरगर फिरवून द्रव पसरवण्याच्या) एका थरानं नॅनोमीटरमधली जाडी मिळते. विजेच्या कामाला ती अपुरी, त्यामुळे ओतून वाळवणं हाच मार्ग. हॉट प्लेट लेव्हलबॉटलनं समपातळीत आणा, कारण अर्ध्या अंशाच्या उतारानंही एक बाजू दुप्पट जाड होते. ६० अंशांवर पूर्ण वाळेपर्यंत ठेवायचं आणि मगच १३० अंशांवर पंधरा मिनिटं. थेट १३० वर ठेवलं तर वरची साय आधी धरते, खालचं पाणी तिला फोडून बाहेर येतं. दुसरी पायरी मात्र टाळू नका. डीएमएसओ १८९ अंशांना उकळतं, ते आत राहिलं तर पुढची सगळी मापं सरकत राहतात. कडांना गडद किनार येतेच. मधला एकसारखा भाग कापून वापरा, किनार फेकून द्या. २० मायक्रॉनच्या वर जाडी नेली की फिल्म वाळताना वळते आणि सुटते.

नंतर इथिलिन ग्लायकॉलमध्ये बुडवून, धुऊन, पुन्हा वाळवलं तर पीएसएस आणखी निघून जातं. जाडी कमी होते आणि वाहकता वाढते. इथे हमखास होणारी गडबड म्हणजे जुनीच जाडी धरून वाहकता काढणं. बुडवल्यानंतर जाडी पुन्हा मोजलीच पाहिजे. संहत गंधकाम्ल दिलं तर वाहकता हजारांत जाते, पण कॅप्टॉन त्यात टिकत नाही. तो प्रयोग काचेवर आणि धूरकपाटात. आम्लानंतर सोडियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण फिरवलं की पेडॉटवरचे प्रभार कमी होतात, सीबेक वाढतो आणि वाहकता थोडी उतरते. ही देवाणघेवाण अटळ आहे: वाहक प्रभार कमी केले की प्रत्येक अंशाला व्होल्टेज जास्त, पण प्रवाह कमी. हायड्राझिननंही हेच होतं, पण ते विषारी आणि कर्करोगकारक आहे. पदवीच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली आणायचं काहीच कारण नाही.

कार्बन नॅनोट्यूबचं मिश्रण: फायदा कुठे, फुगा कुठे

कंपोझिट करायला पीएच १००० सोयीचं, कारण पीएसएस नॅनोट्यूबला पाण्यात विखरून धरतं. वेगळा साबण घालावा लागत नाही. १० ग्रॅम द्रवात घन भाग ११० मिलिग्रॅम असतो. वाळलेल्या फिल्ममध्ये नळ्या ३० टक्के हव्या असतील तर सुमारे ४७ मिलिग्रॅम घालाव्या लागतील. प्रोब सॉनिकेटर, बर्फाचं पाणी, पाच सेकंद चालू आणि पाच सेकंद बंद, एकूण अर्धा तास. बर्फ नसेल तर द्रव तापून पाणी उडतं आणि प्रमाण बिघडतं. तासन्‌तास चालवलं तर नळ्या तुटून आखूड होतात आणि वाहकता उलट घटते. डीएमएसओ सॉनिकेशननंतर घाला. रात्रभर ठेवून बाटलीच्या तळाशी काळा गाळ दिसला तर विखुरण झालेलं नाही. हे मिश्रण फिल्टर करायचं नाही, नळ्या फिल्टरवरच राहतात. कोरडी भुकटी हवेत उडते, म्हणून वजन करताना एन ९५ मास्क आणि धूरकपाट. पंखा बंद ठेवा हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

कल्पना अशी की नळ्या एकमेकींना जिथे भेटतात तिथे पेडॉटचे कण पुलासारखे बसतात. वीज त्यावरून जाते, पण उष्णतेची कंपनं दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यावर अडखळतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या गटानं २०१० मध्ये ३५ टक्के एकभिंती नळ्या घालून २५ मायक्रोवॅटचा पॉवर फॅक्टर दाखवला, आणि उष्णतावाहकता ०.२ ते ०.४ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन एवढीच राहिली. पुढच्याच वर्षी त्यांनी १६० गाठला. आता २५ हा आकडा वर काढलेल्या २७ शी ताडून पाहा. नुसत्या पीएच १००० आणि डीएमएसओनं जे मिळतं तेवढंच. म्हणजे ३० टक्क्यांच्या मिश्रणातून चमत्काराची अपेक्षा नको. खरा फायदा यांत्रिक आहे: फिल्म जाड करता येते, वाकवली तरी तडकत नाही, मोकळी सोलून काढता येते. बहुभिंती नळ्या स्वस्त मिळतात म्हणून घेतल्या तर वाहकतेत वाढ मामुलीच. चांगल्या एकभिंती नळ्यांचा खर्च बाटलीच्या खर्चाला मागे टाकू शकतो, हे अंदाजपत्रकात धरा.

टेल्युरियमच्या नॅनोवायरचं मिश्रणही प्रसिद्ध आहे. २०१० मध्ये बर्कलीच्या गटानं त्यातून ०.१ गुणवत्तांक काढला. सीबेक भरपूर वाढतो, पण वायर स्वतः तयार कराव्या लागतात आणि टेल्युरियमची संयुगं हाताळायला त्रासदायक. पहिल्या प्रकल्पाला नको.

मोजमाप: इथेच बहुतेक निकाल बिघडतात

या मालाबद्दल ऐकू येणारे बरेचसे 'जबरदस्त' निकाल खरं तर दमटपणाचे असतात. पीएसएस पाणी ओढतं. हवेतली आर्द्रता ५०-६० टक्क्यांच्या वर गेली की फिल्ममध्ये प्रोटॉन फिरू लागतात, आणि तापमानातल्या फरकानं तेही गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकतात. मीटरवर सीबेक मोठा दिसतो, कधी कधी इलेक्ट्रॉनिक आकड्याच्या कितीतरी पट. पण आयन इलेक्ट्रोडमधून बाहेरच्या तारेत जाऊ शकत नाहीत. ते कडेला साचतात आणि थांबतात. त्यामुळे हे व्होल्टेज उघड्या परिपथात दिमाखात दिसतं, पण भार जोडला की काही मिनिटांत उतरतं. ती सतत मिळणारी वीज नव्हे, फार तर एकदा भरून रिकामा होणारा कपॅसिटर म्हणा.

मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर घेतलेली मापं म्हणूनच संशयानं पाहावीत. डिसेंबरात पुण्यात १७ आलेला सीबेक जुलैत रत्नागिरीत वाढला, तर फिल्म सुधारलेली नाही, हवा दमट झालेली आहे. उपाय सोपा: मोजण्याआधी फिल्म १२० अंशांवर दहा मिनिटं वाळवा, सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात थंड करा, त्याच डब्यात मोजा. आणि फिल्मच्या रोधाइतकाच रोध भार म्हणून जोडून अर्धा तास व्होल्टेज नोंदवत राहा. जे टिकतं तेवढंच आपलं.

दुसरा घोटाळा मीटरचा. १८ मायक्रोव्होल्टनं १० अंशांना मिळतं ०.१८ मिलिव्होल्ट. प्रयोगशाळेतला साधा मल्टिमीटर ०.१ मिलिव्होल्टच्या टप्प्यानं मोजतो, म्हणजे त्यावर '०.२' दिसेल आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. नॅनोव्होल्टमीटर नसेल तर एडीएस १११५ हे छोटं बोर्ड चालेल. त्याच्या ०.२५६ व्होल्टच्या श्रेणीत एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची असते. शंभर वाचनांची सरासरी घ्या. आणि एकाच फरकावर भागाकार करू नका. उणे ५ ते अधिक ५ अंश अशा सहा-सात फरकांवर व्होल्टेज काढून रेषेचा उतार घ्या. रेषा शून्यातून जात नसेल तर जोडांमधलं परकं व्होल्टेज आत शिरलं आहे, पण उतार त्यानं बिघडत नाही.

थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीचं) टोक व्होल्टेजच्या जोडापासून दोन मिलिमीटर लांब असेल तर मोजलेला फरक आणि खरा फरक वेगळे होतात. इलेक्ट्रोड रुंद आणि फिल्म आखूड असली की सीबेक हमखास फुगून येतो. पट्टी लांब आणि अरुंद ठेवा, जोड टोकांना, थर्मोकपल जोडाला चिकटून.

गुणवत्तांक काढणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. या फिल्ममध्ये पेडॉटच्या साखळ्या पृष्ठभागाला समांतर पसरलेल्या असतात. वीज समांतर दिशेत जास्त वाहते आणि उष्णताही. डीएमएसओ दिलेल्या फिल्मची समांतर उष्णतावाहकता १ वॅटपर्यंत जाऊ शकते, तर आरपार दिशेत ती ०.३ च्या आसपास असते. वाहकता समांतर दिशेची आणि उष्णतावाहकता आरपारची घेऊन केलेला भागाकार तिप्पट फुगतो. असे आकडे छापलेही गेले आहेत.

हातात किती वीज येते

कॅप्टॉनवर दहा पट्ट्या घ्या: प्रत्येकी ४० मिलिमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद, ५ मायक्रॉन जाड. रोजच्या हातानं केलेल्या फिल्मची वाहकता ६०० धरू. एका पट्टीचा रोध २७ ओहम, दहा एकापाठोपाठ जोडल्या की २७०. पट्ट्या सिल्व्हर पेंटनं जोडल्या तर चांदीचा स्वतःचा दीड मायक्रोव्होल्ट वजा होतो आणि प्रत्येक जोडीला १६.५ उरतात. ३० अंशांच्या फरकाला एकूण ५ मिलिव्होल्ट. जास्तीत जास्त शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट: २३ नॅनोवॅट.

साधा इंडिकेटर एलईडी दोन व्होल्ट आणि पाच मिलिॲम्पिअरवर चालवायचा तर १० मिलिवॅट लागतात. म्हणजे दहा पट्ट्यांची अशी चार लाखांहून जास्त पत्रकं. वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या २०१२ मधल्या गाजलेल्या नॅनोट्यूबच्या 'पॉवर फेल्ट'लाही ७२ थरांमधून मिळत होते १४० नॅनोवॅटच. 'बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारा परिपथ) लावू का?' हा प्रश्न येतोच. एलटीसी ३१०८ हा आयसी २० मिलिव्होल्टवर सुरू होतो. पट्ट्या वाढवून २० मिलिव्होल्ट गाठता येतील, पण त्या आयसीचा आवक रोध काही ओहमचाच असतो. हजारभर ओहमच्या स्रोताला तो जोडला की व्होल्टेज कोसळतं आणि आयसी जागा होत नाही.

पट्टीखालच्या कॅप्टॉनचाही हिशेब करा. ५० मायक्रॉनची शीट आणि ५ मायक्रॉनची फिल्म असेल तर सुमारे ७० टक्के उष्णता नुसत्या शीटमधून निघून जाते, तिच्यातून वीज शून्य. १२.५ मायक्रॉनची शीट घेतली तर हा वाटा ४० टक्क्यांच्या खाली येतो. हाताळायला ती त्रासदायक आहे, चौकटीवर ताणूनच काम करावं लागतं.

अंगावर बांधायच्या कल्पनेत अडचण वेगळी. त्वचा ३३ अंश आणि खोली २५ अंश म्हणून पट्टीला ८ अंश मिळतील असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक फरक पट्टीबाहेरच्या स्थिर हवेत पडतो आणि पट्टीच्या दोन टोकांत एक-दोन अंश उरतात. फरक निम्मा झाला की शक्ती पाव होते, हे वर्गाचं नातं इथे जिव्हारी लागतं.

पेडॉट पी-प्रकारचं (धन प्रभार वाहणारं), त्याला जोडीदार म्हणून एन-प्रकारचं (ऋण प्रभार वाहणारं) पॉलिमर हवं, आणि हवेत टिकणारं असं पॉलिमर बाटलीत मिळणं अजूनही दुर्मीळ. लिंशपिंगहून २०२१ मध्ये आलेली बीबीएल-पीईआय ही एन-प्रकारची पॉलिमर शाई ८ सीमेन्सपर्यंत पोहोचली. दिशा चांगली, पण पीएच १००० च्या शंभराव्या भागाइतकीच वाहकता. स्वस्त पर्याय म्हणून लोक कॉन्स्टंटनची (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची) तार लावतात. तिचा सीबेक उणे ३८ च्या आसपास, म्हणून जोडीचं व्होल्टेज १८ वरून ५६ वर जातं. प्रदर्शनात हे झकास दिसतं. फक्त त्यातला दोन तृतीयांश भाग तारेचा आहे, तो पॉलिमरच्या खात्यावर लिहू नये.

सिरॅमिक मॉड्यूल घ्यावं की हे?

वीज हवी असेल तर बिस्मथ टेल्युराइडचं ४० बाय ४० मिलिमीटरचं मॉड्यूल घ्या. ते ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतं. एसपी १८४८ या नावानं विकल्या जाणाऱ्या मॉड्यूलच्या पानावर १०० अंशांच्या फरकाला ४.८ व्होल्ट आणि ६६९ मिलिॲम्पिअर असं लिहिलेलं असतं आणि ग्राहक सव्वातीन वॅट समजतो. ४.८ व्होल्ट हे उघड्या परिपथाचं व्होल्टेज असतं. प्रवाह शॉर्ट सर्किटचा धरला तर दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत आणि गुणाकाराचा चौथा भागच हाती येतो, सुमारे ०.८ वॅट. तरीही तो आपल्या पट्ट्यांच्या कोट्यवधी पट आहे. मॉड्यूल वाकत नाही, ठिसूळ असतं, वक्र नळीवर बसत नाही. त्या एका बाबतीत पॉलिमर जिंकतं.

नळीभोवती गुंडाळायचा उष्णताप्रवाहाचा सेन्सर, बॅटरीशिवाय 'गरम झालं' एवढा इशारा देणारी पट्टी, किंवा सीबेक, रोध आणि भार यांचं नातं एका आठवड्यात हातानं शिकवणारा प्रयोग, यासाठी पीएच १००० ला पर्याय सुचत नाही. ५ मिलिव्होल्टचा संकेत नॅनोवॅटचा असला तरी मोजायला भरपूर आहे. फक्त कायमचं तापमान १०० अंशांच्या आत ठेवा. त्यावर हवेत ठेवलेली फिल्म आठवड्यागणिक वाहकता गमावते. दमट जागी वापरायची असेल तर वरून पॅरिलिनचा (संरक्षक प्लॅस्टिकचा) पातळ थर किंवा निदान दुसरी कॅप्टॉन टेप हवी. पाण्यात भिजणार असेल तर द्रवात १ टक्का जीओपीएस (साखळ्या एकमेकींना बांधणारं रसायन) घाला. फिल्म विरघळणार नाही, पण वाहकता बरीच पडेल.

मागवताना लहान बाटली मागवा. एका पत्रकाला १ मिलिलिटर लागतं, तेव्हा १०० मिलिलिटरमध्ये वाया गेलेल्या धरूनही वर्षभराचे प्रयोग होतात, आणि मोठी बाटली अर्धी राहून घट्ट होते. आल्याबरोबर २०-२० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्यांत वाटून तारीख लिहून ठेवा, म्हणजे मुख्य बाटली वारंवार उघडावी लागत नाही. भांडी ओली असतानाच पाण्यानं धुवा. एकदा वाळलेला निळा थर ब्रशनं निघत नाही. उरलेलं द्रव बेसिनमध्ये न ओतता ट्रेमध्ये वाळवून, नॅनोट्यूब असतील तर वेगळ्या पिशवीत, प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.